आईच्या उशाशी रस्ता

३ नोव्हेंबर

छोट्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते चुकून राहिलेलं नाही. फोन केला की तू उचलत नाहीस. मेसेज केला की वाचल्याच्या निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं सामसूम. म्हणून कागद घेऊन बसले आहे. कागदावर बोललं की समोरच्याला मध्येच फोन ठेवता येत नाही. फाडून टाकायचं असेल तर टाक, पण आधी वाच.

आई पडली हे तुला तुझ्या बायकोकडून कळलं असेल, कारण तिला मीच कळवलं होतं. पुढचं सांगते. डॉक्टर म्हणाले, मणक्याला मार बसलाय, आता उठून बसणं विसरा. हे आईच्या पलंगाशी उभं राहून म्हणाले! आणि वर हसून, "आता काय आजी, आराम करायचा." अरे, माणसाने काही काळवेळ बघावी की नाही? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तुला आठवत असेल तर पलंग खिडकीखालीच आहे आणि खिडकी उंचावर आहे. आडवं पडून आईला दिसतं काय, तर आभाळाचा एक चौकोन आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. जी बाई जन्मभर त्या खिडकीत बसून भाजी निवडत आली, कोण कुठे निघालं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या पिशवीत काय आहे हे जिला खालच्या माणसांपेक्षा आधी कळायचं, तिने आता टाकीकडे बघत पडायचं? पलंग दुसऱ्या भिंतीला लावला तर दार उघडत नाही. उंच पलंग आणला तर मला तिला उचलता येत नाही. सगळं करून बघितलंय, तिथे बसून शहाणपणा सुचवू नकोस.

गेल्या आठवड्यापासून तिने भिंतीकडे तोंड केलंय. जेवण समोर नेलं की "भूक नाही". वरणभात नको, खीर नको, काही नको. शेवटी मी चिडून म्हटलं, "अगं, मग हवंय तरी काय तुला?" तर म्हणाली, "रस्ता दाखव."

तर मी तिला रस्ता दाखवणार आहे. एक लांब काळी पेटी करायची, वरच्या टोकाला एक आरसा, खालच्या टोकाला एक, दोन्ही तिरके. वरचा आरसा खिडकीतून खाली बघणार, खालचा आईच्या उशाशी. पाणबुडीत असते ना, तीच युक्ती. लहानपणी आपण पुठ्ठ्याची केली होती आणि भिंतीपलीकडचं भांडण बघितलं होतं. तू मला बघूच देत नव्हतास, तेही माझ्या लक्षात आहे. उशाशी काच नको, म्हणून प्लॅस्टिकचा आरसा लावायचा. कापाकापी मला येते. सुट्टीच्या दिवशी मी अजूनही प्लॅस्टिक शीटचे तुकडे आणून दिव्यांच्या शेड करते, पक्ष्यांसाठी दाणे ठेवायच्या पेट्या करते. बाबांच्या पाट्यांच्या दुकानात वाढलेली मुलगी आहे मी.

पण सामान आणायचं कुठून? गोदामवाल्याकडे गेले. तो म्हणतो, "आठ बाय चारची अख्खी शीट घ्यावी लागेल." मी म्हटलं, "अहो, मला ताटाएवढे दोन आरसे हवेत, दिवाणखान्याला छत घालायचं नाहीये." तर म्हणे, "मग ऑनलाइन मागवा." आणि परत मोबाइलमध्ये डोकं! समोर माणूस उभं आहे याचं काही नाही. म्हणजे आता उरला फक्त उद्याशेठ. बाबांना शीट पुरवायचा तोच. हे नाव त्याला तूच ठेवलं होतंस आणि त्यात अजून काडीचाही बदल नाही. कधीही जा, "उद्या या." मी रोज वीजबिलाच्या खिडकीमागे बसते, शेकडो लोकांच्या शिव्या खाते, पण कधी कुणाला उगाच 'उद्या या' म्हटलेलं नाही.

बाबांचं दुकान असतं तर ही वेळच आली नसती. मागच्या खोलीत तुकड्यांचे ढीग होते. पण बाबा गेल्यावर ते दुकान तू मोबाइलवाल्याला देऊन मोकळा झालास. तेही मी सोसलं असतं. पण दारावरचा बोर्ड? जन्मभर लोकांच्या दुकानांच्या पाट्या केल्या बाबांनी, आणि स्वतःसाठी केली ती एकच. मी कामावरून आले तर भिंतीवर बोर्डाच्या आकाराची नुसती स्वच्छ जागा. तू म्हणालास, "ताई, अक्षरांना किती दिवस कवटाळून बसणार आहेस?" आणि बॅग उचललीस. भंगारात घालताना हात कसा धजला रे तुझा? ते वाक्य मला अजून पचलेलं नाही.

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिणार होते. पण आहे. पाठव.

ताई

११ नोव्हेंबर

छोट्या,

पत्र पोचलं असणार. उत्तर नाही. ठीक आहे, मी लिहायची थांबत नसते.

उद्याशेठने चक्क त्याच दिवशी माल दिला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पेटीसाठी काळी शीट दाखवली, हाताला जरा मेणचट लागणारी. "एकदम फर्स्ट क्लास, ताई. वाकेल, पण मोडायची नाही." मी विचारलं, "चिकटेल ना?" तर माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्याच्या खानदानाबद्दल काही बोलले. "का नाही चिकटणार? सगळं चिकटतं!"

घरी आणली, मापात कापली, कडा घासल्या, चिकटवली, दोऱ्याने आवळून ठेवली. सकाळी दोरा सोडला आणि पेटीच्या चारही भिंती चार दिशांना. दुसऱ्या कंपनीचा गोंद आणला, तोही तसाच पापुद्रा होऊन निघाला. तिसरा आणला, त्याने माझी बोटं एकमेकांना चिकटली, शीट काही चिकटली नाही. आईजवळ दुपारी थांबतात त्या मावशी हसत होत्या. मी त्यांच्यावर पण ओरडले आणि मग माफी मागितली.

तसेच तुकडे पिशवीत भरून दुकानात गेले. उद्याशेठने ते नखाने खरवडून बघितले आणि शांतपणे म्हणाला, "ताई, ही शीट चिकटत नाही. हिला वेल्डिंग लागतं."

"परवा तर म्हणालात, सगळं चिकटतं!"

"परवा तुम्ही गिऱ्हाईक होतात. आज तक्रार घेऊन आलात."

अरे, काय निगरगट्ट माणूस! मी आवाज चढवला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आल्या पावली परत गेली, तेव्हा कुठे त्याने आतून काळी फोमशीट काढून दिली, ती हलकी असते आणि साध्या कटरने कापता येते ती. बदलून दिली, पण चूक झाली एवढं तोंडातून काढलं नाही. वर मला विचारतो, "भाऊ काय म्हणतोय?" मी म्हटलं, "कोण भाऊ?" त्यावर तो मिशीत हसला. त्याला हसायला काय झालं, देव जाणे.

पेटी आता उभी राहिली आहे. आतून मिट्ट काळी, कोपरे काटकोनात, बाबांनीही नावं ठेवली नसती. आईला दाखवली. तिने भिंतीकडचं तोंड वळवलं, पेटीवरून हात फिरवला आणि विचारलं, "यातून तो दिसेल का?"

तुझं नाव घेतलं नाही. 'तो' म्हणाली. मी ऐकूच न आल्यासारखं करून कचरा गोळा करत राहिले. मला इतका राग आला छोट्या, की काय सांगू. मी तिला पुसते, भरवते, कुशीवर वळवते, आणि रस्ता हवा तो तुझ्यासाठी! मग मोरीत जाऊन रडले. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. खोडत नाही.

संध्याकाळी तिने चार घास खाल्ले.

ताई

१८ नोव्हेंबर

तुझ्याशी बोलायचं मला कारणच उरलेलं नाही, म्हणून हे पत्र नुसतं भांडणाचं आहे.

परवा आरसा आणला. प्लॅस्टिकचाच, पुढून कागदासारखी फिल्म चिकटवलेली आणि मागून करडा रंग. घरी आले आणि काय केलं असेल? जे बाबांनी डोक्यावर टपल्या मारून शिकवलं तेच. शीट पालथी घातली, टोच्या घेतला आणि मागच्या बाजूने बरोबर मधोमध रेघ ओढली. आधी मधली रेघ, मग बाकी सगळं. पुढच्या बाजूला नखसुद्धा लागता कामा नये, जे करायचं ते मागून. बाबा अक्षरंदेखील मागूनच रंगवायचे, उलटी, म्हणजे पुढून पाटी कशी चकचकीत राहते. माझे हात आपोआप चालले. मग आरसे कापले, बसवले, पुढची फिल्म सोलली.

मधोमध रेघ! खालच्या आरशात वरपासून खालपर्यंत, पांढरी फटफटीत.

मी तरातरा दुकानात. "ओरखडा पडलेला माल गळ्यात मारता काय? आजारी बाईसाठी नेतेय हे माहीत असून?" अख्ख्या बाजाराने ऐकलं असेल. उद्याशेठने आरसा उलटा केला, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, आरशाचं पाणी, म्हणजे चकाकीचा थर, मागच्याच बाजूला असतं. तुम्ही रेघ मागून मारलीत ना?"

मी बोटाने रेघ घासून बघितली.

"तुमच्या भावानेही हेच केलं. पहिला आरसा असाच घालवला, मधोमध रेघ मारून. मग परत फोन केला, दुसरा पाठवा म्हणून. एका बापाची लेकरं शोभता खरी."

छोट्या, मी तिथेच त्याच्या स्टुलावर बसले. त्याने पाणी दिलं. मी प्यायले नाही.

म्हणजे तू माझी पत्रं वाचतोस! वाचून तिथे तूही पेटी करायला घेतलीस! उद्याशेठला फोन करतोस, पार्सल मागवतोस, फुकट गेलं की दुसरं मागवतोस. त्याचा फोन नंबर तुला सापडतो आणि माझा सापडत नाही? त्या मिशीवाल्याशी गप्पा मारायला तुला तोंड आहे, आणि सख्खी बहीण पानंच्या पानं लिहिते तेव्हा मूग गिळून बसतोस? 'ताई, वाचलं' एवढं लिहायला काय हात दुखत होते?

आणि अजून ऐक. मी म्हटलं, "बरं, मला दुसरा आरसा द्या." तर म्हणे, "नाही. शेवटचा होता तो पार्सलने गेला. नवीन माल यायला वेळ आहे." कधी येणार विचारलं तर काय म्हणाला असेल? ओळख पाहू. "उद्या या."

म्हणजे आईचा आरसा तुझ्याकडे आहे. नीट वाच. तो आरसा आईचा आहे. तुला पेटी करायचीय तर कर, जन्मभर करत बस, पण इथे माझ्या हातात रेघवाला आरसा आहे आणि आई रोज विचारतेय, झालं का, झालं का. पाठवू नकोस तो आरसा. पार्सलमध्ये आपटून त्याचे तुकडे होतील. स्वतःच्या हाताने आणून दे आणि हवं तर दारातून परत जा.

सही करत नाही. कोण लिहितंय ते तुला कळतंय.

२३ नोव्हेंबर

छोट्या,

वाट बघून मी रेघवालाच आरसा बसवला. आईला अजून थांबवणं मला जमेना.

पेटी खिडकीला अडकवली, वरचा आरसा खाली झुकवला, आईला कुशीवर वळवलं. मी म्हटलं, "बघ." तिने डोळे बारीक केले, मान जरा इकडे-तिकडे केली. मला वाटलं दिसत नाही की काय. आणि मग म्हणाली, "त्या इस्त्रीवाल्याने टेबल कधी हलवलं? आधी तर पलीकडे होतं!"

आणि सुरूच झाली! सायकल दुरुस्तीवाल्याने दुकानाला निळा रंग दिलाय, शोभत नाही. वरच्या मजल्यावरच्या सुनेने केस कापले. आपल्या दाराशी कुणी गाडी लावलीय बघ, जाऊन सांग. मी उठून सांगून पण आले! तो बिचारा बघतच राहिला, खिडकीत तर कुणी नव्हतं.

रेघेचं तिने काय केलंय माहितेय? मी म्हटलं, "नवीन आरसा मिळाला की बदलते." तर म्हणे, "राहू दे, सोयीचं आहे." आता रस्त्याला डावं आणि उजवं झालंय. इस्त्रीवाला रेघेच्या उजवीकडे, सायकलवाला रेघेच्या डावीकडे. मावशींना आरशाजवळ बसवून सगळा रस्ता समजावून सांगते. आणि जेवते. आरशातून डोळे न काढता, पण जेवते.

मी खूश आहे. रागही आहे, तो कुठे गेलेला नाही. कारण माणसं बघून झाली, गाड्या बघून झाल्या, की शेवटी रस्त्याच्या टोकाकडे बघत बसते. बस थांबते तिथे. बस निघून जाते, उतरलेली माणसं पांगतात, आणि ती म्हणते, "आज नाही." रोज. मला म्हणत नाही, स्वतःशीच म्हणते. पण मी त्याच खोलीत असते ना रे! मला ऐकू येतं!

मी तिला रस्ता दिला, छोट्या. त्यावर चालत यायचं काम माझं नाही.

ताई

आज, आत्ता

छोट्या,

ही चिठ्ठी मावशींच्या हाती खाली पाठवतेय. हाक मारणार होते, पण हाक ऐकून तू पळायचास.

आई दुपारपासून मावशींना सांगतेय, "तो आलाय. सायकलवाल्यापाशी उभा आहे." मावशींना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला भास होतोय. मी कामावरून आले, तर मावशी दारातच कुजबुजल्या, "आज जरा जास्तच बोलतायत." म्हणजे मी तुझ्या समोरून गेले? आणि तू मला बघून सायकलींच्या आड लपलास? या वयात? लाज नाही वाटली?

मी आईला म्हटलं, "अगं, कुणी नाहीये, चहा घे." ती चिडून म्हणाली, "रेघेच्या डावीकडे बघ. पोटच्या पोराला मी ओळखणार नाही?" मी वाकून बघितलं. रेघेच्या डावीकडे, निळ्या दुकानासमोर, तू. टक्कल पडायला लागलंय तुला. काखेत लांब काळी पेटी.

मी म्हटलं, "पेटी करून आणलीय त्याने." आई म्हणाली, "पेटी कसली! तुमच्या बाबांचा बोर्ड आहे तो. अक्षर दिसतंय बघ."

मग मी खिडकीशी जाऊन उघड्या डोळ्यांनी बघितलं. चकचकीत काळं, आणि कडेला अर्धं कापलेलं पांढरं अक्षर, बाबांच्या हातचं. मागून रंगवलेलं.

म्हणजे भंगारात गेलाच नव्हता. इतकी वर्षं तुझ्याकडे होता. अक्षरांना कवटाळून मी बसले होते की तू रे? मग सांगायला काय झालं होतं? मी त्या बोर्डासाठी किती रडले, आणि तू मला ते रडू दिलंस! आणि आता पेटी करायला तोच कापलास. बाबांचा बोर्ड, करवतीने, मला न विचारता, परत एकदा! यावर आपण भांडणार आहोत. कडाडून भांडणार आहोत, आईच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून. तुला सगळं ऐकून घ्यावं लागेल आणि तुझंही काही असेल तर ते मी ऐकेन.

त्यासाठी आधी वर ये. दुपारपासून उभा आहेस, पाय दुखले नाहीत?

आणि एक लक्षात ठेव. आईने आरशावरची नजर अजून काढलेली नाही. आत्ता मला म्हणाली, "हा दारात शिरला की दिसायचा बंद होईल गं." मी समजावलं, की दिसायचा बंद झाला म्हणजे जिन्यात आहे, वर येतोय. तिने मान हलवली, पण माझा हात घट्ट धरून ठेवलाय, मी गुडघ्यावर कागद ठेवून एका हाताने हे कसंबसं लिहितेय.

म्हणून जिन्यात रेंगाळू नकोस. पूर्वीसारखा दोन-दोन पायऱ्या टाकत ये.

ताई